देवळाच्या घड्याळाप्रमाणे सहल: मामल्लपुरम ते उटी, तमिळनाडूची ग्रुप टूर कशी आखावी

तमिळनाडूतली बहुतेक मोठी देवळं दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात ती चारनंतरच उघडतात. महाराष्ट्रातून जाणाऱ्या गटांची निम्मी गैरसोय या एका गोष्टीमुळे होते. सकाळी आरामात नाश्ता करून साडेनऊला निघायचं, दीड तासाने पोहोचायचं, चपला-मोबाइल जमा करण्यात आणखी अर्धा तास घालवायचा आणि गाभाऱ्याच्या रांगेत उभं राहिल्यावर पडदा पडायचा. मग चोवीस माणसं चार तास उन्हात बसून असतात. त्यामुळे या सहलीचं वेळापत्रक हॉटेलच्या किंवा बसच्या सोयीने न आखता देवळाच्या वेळांवर आखावं. सकाळी सात ते अकरा देऊळ, बाराला जेवण, बंदच्या वेळात प्रवास, साडेचार ते आठ पुन्हा देऊळ. डोंगरावर चढायचा दिवस याला अपवाद, कारण घाटाचे नियम वेगळे आहेत. त्यांच्याकडे पुढे येऊच.

खाली दिलेला आराखडा बारा रात्रींचा आहे. चेन्नईत उतरायचं, कोईमतूरहून परतायचं. याच वाटेने उलटंही जाता येतं, पण तसं करू नये. मामल्लपुरमच्या एकाश्म, म्हणजे एकाच खडकातून कोरलेल्या, रथमंदिरांपासून सुरुवात केली की दगडी देऊळ कसं वाढत गेलं ते क्रमाने दिसतं. शिवाय शेवटचे दिवस थंड हवेत जातात, तेव्हा ज्येष्ठ मंडळींना त्याची खरी गरज असते.

कधी जावं

जानेवारीचा शेवट ते मार्चचा पहिला आठवडा हा उत्तम काळ. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये इथे ईशान्य मोसमी पाऊस असतो. आपल्याकडे पाऊस संपलेला असल्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत निघणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. निलगिरीत त्या काळात दरडी कोसळतात आणि मेट्टुपाळयमहून निघणारी डोंगरी रेल्वे दिवसचे दिवस बंद राहते. एप्रिल-मेमध्ये देवळांची दगडी आवारं तव्यासारखी तापतात आणि उटी-कोडाईकनालला वाहनांची रीघ लागते. जानेवारीत पोंगलच्या सुट्टीचे चार-पाच दिवस टाळा. जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या थैपूसमच्या, म्हणजे मुरुगनच्या (कार्तिकेयाच्या) उत्सवाच्या दिवसांत पळणीचा रस्ता कावड घेऊन पायी निघालेल्या भाविकांनी भरलेला असतो, तेही तारखा ठरवताना पाहून घ्या. महाशिवरात्रीला मात्र चिदंबरमला नाट्यांजली हा नृत्यमहोत्सव असतो. गटात नृत्य-संगीताची आवड असणारे असतील तर गर्दी सोसूनही तो गाठावा.

गट, बस आणि हिशेब

बावीस ते चोवीस प्रवासी, एक टूर लीडर आणि एक मदतनीस एवढा गट योग्य. त्याहून मोठा झाला की निवेदकाचा आवाज मागे पोहोचत नाही, जेवायला दोन पंगती कराव्या लागतात आणि घाटाला मोठी बस घ्यावी लागते. सत्तावीस ते तीस आसनांची मिनी बस घ्या, म्हणजे तीन-चार जागा मोकळ्या राहतील. बस तमिळनाडूतलीच असू दे. महाराष्ट्रातून बस नेली तर परराज्याचा कर आणि परवाना यांचं काम वाढतं, शिवाय चालकाला निलगिरीच्या हेअरपिन वळणांची सवय असेलच असं नाही. चालकाने दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त गाडी चालवू नये आणि रात्री त्याच्या झोपण्याची सोय हॉटेलातच असावी. हे करारात लिहून घ्या. घाटातला चालक नीट झोपलेला असणं ही चैन नव्हे.

माणशी खर्च काढताना बस, टूर लीडर, मदतनीस आणि स्थानिक गाइड यांची रक्कम चोवीसने नव्हे, अठराने भागा. ऐन वेळी पाच-सहा जण गळाले तरी सहल तोट्यात जात नाही. हॉटेल, जेवण, तिकिटं यांचा खर्च माणशी जसाच्या तसा धरा आणि एकूण रकमेच्या दहा टक्के आकस्मिक खर्चासाठी बाजूला काढा. एकट्याने येणाऱ्यांना खोली वाटून घ्यायची आहे की स्वतंत्र हवी आहे हे पैसे भरतानाच विचारा. तिथे गेल्यावर हा विषय निघाला की कटुता येते.

सामान माणशी एकच बॅग, दहा-बारा किलोची. तिच्यात सुती कपडे आणि जाड स्वेटर दोन्ही लागतील. मदुराईत दुपारी तीसच्या पुढे पारा असताना उटीत जानेवारीच्या पहाटे गवतावर दहिवर गोठलेलं असतं. पुरुषांना साधी पँट, पायजमा किंवा धोतर आणि शर्ट. स्त्रियांना साडी किंवा ओढणीसह सलवार-कमीज. हाफ पँट आणि बिनबाह्यांचे कपडे यांवर दारातूनच परत पाठवतात. एक पातळ मोज्यांची जोडी हाताशी ठेवा. आवारात फिरताना ती पाय वाचवते, गाभाऱ्याकडे वळताना काढून पिशवीत टाकायची.

आधी काय आरक्षित करायचं

क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्यात आधी डोंगरी रेल्वे, कारण तिचीच तिकिटं मिळणं कठीण. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात आणि गाडी लहान आहे. चोवीस जणांसाठी चार तिकिटं, म्हणजे चार वेगवेगळी खाती, चार माणसं, सकाळी आठच्या ठोक्याला एकाच वेळी. प्रवाशांची नावं आणि वयं आधीच यादीत भरून ठेवा, टाइप करत बसाल तर जागा जातील. मेट्टुपाळयमपासूनची तिकिटं मिळाली नाहीत तर कुन्नूर ते उटी हा सुमारे एकोणीस किलोमीटरचा टप्पा घ्या. तिथे दिवसाला अनेक फेऱ्या आहेत. दातेरी रुळावरची चढण त्यात नाही, पण गाडीत बसल्याचं समाधान मिळतं. रेल्वेची तारीख पक्की झाल्यावरच बाकीची हॉटेलं तिच्याभोवती बसवा.

दुसरी गोष्ट ई-पास. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकनाल या दोन्ही ठिकाणी बाहेरच्या वाहनांना ई-पास लागतो, आणि हंगामात रोजच्या वाहनांची संख्याही मर्यादित केली जाते. पास वाहनाच्या नावाने निघतो. गाडीचा क्रमांक, प्रवाशांची संख्या, तारखा आणि मुक्कामाचं ठिकाण त्यात भरावं लागतं. दोन्ही गावांचे पास वेगवेगळे काढायचे. इथे एक खाच आहे: बसमालक ऐन वेळी गाडी बदलतो आणि पास जुन्या क्रमांकाचा राहतो. नाक्यावर बस थांबते, पाठीमागे गाड्या तुंबतात. म्हणून घाट चढण्याच्या आदल्या संध्याकाळी गाडीची नंबर प्लेट आणि पास शेजारी शेजारी धरून पाहा. निघण्यापूर्वी त्या काळचे नियमही एकदा तपासा, ते हंगामाप्रमाणे बदलतात.

मामल्लपुरम ते कुंभकोणम

पहिल्या दिवशी चेन्नईहून थेट मामल्लपुरमला जा, अंतर साधारण साठ किलोमीटर. दुसऱ्या सकाळी उघडताक्षणी पंचरथ पाहा, मग अर्जुनाची तपश्चर्या म्हणून ओळखलं जाणारं भव्य शिल्प आणि शेवटी किनाऱ्यावरचं देऊळ. पंचरथ सातव्या शतकातले, अखंड खडकातून कोरलेले. किनाऱ्यावरचं देऊळ आठव्या शतकाच्या सुरुवातीचं, दगडावर दगड रचून बांधलेलं. हा फरक इथेच गटाला नीट दाखवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

दुपारच्या प्रवासात पुदुच्चेरीवरून चिदंबरम. नटराजाचं दर्शन संध्याकाळी. या देवळाचा कारभार दीक्षितांकडे, म्हणजे इथल्या पिढीजात पुजाऱ्यांकडे आहे. आतल्या सभेत पुरुषांना शर्ट काढून जावं लागतं, हे बसमध्येच सांगून ठेवावं. पूजेसाठी दक्षिणा मागितली जाते. प्रत्येकाने वेगळी घासाघीस करण्यापेक्षा गटाचा एक समाईक निधी ठेवा आणि टूर लीडरने एकदाच द्या. गोपुरांच्या आतल्या भिंतींवर नृत्याची १०८ करणं, म्हणजे शरीराच्या ठेवणी, कोरलेली आहेत. बहुतेक गट दर्शनाच्या घाईत त्यांच्याखालून निघून जातात. आत शिरण्याआधी गोपुरातच दहा मिनिटं थांबा.

तिसऱ्या दिवशी सकाळी गंगैकोंडचोळपुरम, राजेंद्र चोळाने वसवलेल्या राजधानीतलं देऊळ. तिथे गर्दी कमी आणि हिरवळ भरपूर, ज्येष्ठांना बसायला जागा आहे. दुपारी कुंभकोणम गाठून विश्रांती आणि साडेचारला दारासुरम.

दारासुरमला घाई करू नका. बाराव्या शतकात दुसऱ्या राजराजाने बांधलेलं हे ऐरावतेश्वराचं देऊळ तंजावरच्या मानाने लहान आहे, पण इथला दगड जवळून पाहायचा आहे. पुढचा मंडप रथासारखा, त्याला दगडी चाकं आणि घोडे आहेत. एका ठिकाणी बैल आणि हत्ती यांना मिळून एकच डोकं कोरलं आहे. डावीकडचं धड झाकलं तर हत्ती, उजवीकडचं झाकलं तर बैल, किंवा उलट, तुम्ही कुठून पाहता त्यावर. तळहाताने अर्धं शिल्प झाकून प्रत्येकाला दाखवा. मुख्य देवळाच्या पायाशी शैव संतांच्या, नायन्मारांच्या कथांच्या छोट्या शिल्पपट्ट्या आहेत. त्या गुडघ्याच्या उंचीवर असल्याने वाकल्याशिवाय दिसत नाहीत. संध्याकाळचं तिरकं ऊन त्यांवर पडतं तेव्हा कोरीव काम सगळ्यात ठळक उठतं, म्हणून सकाळपेक्षा हीच वेळ बरी.

तंजावर: मराठी गटाने इथे दीड दिवस द्यावा

बऱ्याच सहलींत तंजावर दोन तासांत उरकतात. मराठी गटासाठी ते चूक आहे. इथे १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी भोसल्यांची सत्ता स्थापन केली आणि ती १८५५ पर्यंत टिकली. बृहदीश्वराचं देऊळ पहिल्या राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केलं, त्याचं शिखर सुमारे ६६ मीटर उंच. पण आवाराच्या नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर १८०३ मध्ये, दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात, भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. एवढा विस्तृत शिलालेख क्वचितच कुठे असेल. स्थानिक गाइडच्या नेहमीच्या फेरीत हा कोपरा येतोच असं नाही, त्याला ठरवतानाच सांगा: शिलालेखासाठी अर्धा तास. मजकूर रचणारे बाबुराव चिटणीस होते, हेही गटाला सांगा.

इथेच आणखी एक गोष्ट उलगडते. चोळांच्या देवळात गाभाऱ्यावरचं विमान, म्हणजे शिखर, आभाळात गेलेलं आणि दारावरचं गोपुर त्या मानाने ठेंगणं असतं. पुढच्या काळात हे उलटलं. मदुराईत गोपुरं प्रचंड आणि गाभाऱ्यावरचा सोन्याचा कळस लहान. तंजावरात हे डोळ्यांत भरून ठेवलं की मदुराईत माणसं स्वतःहून ओळखतात. अशी एखादी नजर दिली की दहा देवळं ‘सगळी सारखीच’ वाटत नाहीत, आणि सांस्कृतिक सहलीत याच तक्रारीची सर्वांत जास्त काळजी घ्यायची असते.

दुसऱ्या सकाळी राजवाडा: मराठा दरबार हॉल, चोळ कांस्यमूर्तींचं दालन आणि सरस्वती महाल ग्रंथालयाचं संग्रहालय. ग्रंथालयात मराठी आणि मोडी हस्तलिखितांचा मोठा साठा आहे. पर्यटकांना संग्रहालयाचा भागच पाहता येतो. साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी आहे हे फोन करून विचारा आणि त्याप्रमाणे दिवस मागेपुढे करा.

दुपारी त्रिची, सुमारे साठ किलोमीटर. श्रीरंगमचं देऊळ सात प्राकारांचं, म्हणजे एकात एक तटबंद आवारांचं आहे आणि बाहेरच्या प्राकारांत घरं, दुकानं, हॉटेलं असल्यामुळे देऊळ नेमकं कुठे सुरू झालं तेच कळत नाही. गुडघेदुखी असणाऱ्यांना बसने शक्य तितक्या आतपर्यंत सोडा. चालणं दोन-तीन किलोमीटर सहज होतं.

मदुराई: हरवण्याची जागा

मीनाक्षी मंदिरात मोबाइल नेता येत नाही, तो बाहेर जमा करावा लागतो. म्हणजे आत हरवलेल्या माणसाला फोन करता येणार नाही. त्यात चार दिशांना चार मोठी गोपुरं, जवळून पाहता एकसारखीच. माणूस दर्शन करून उत्साहात पुढे निघतो, पश्चिमेच्या दारातून बाहेर पडतो, आणि त्याच्या चपला, मोबाइल आणि बाकीचे तेवीसजण पूर्वेला असतात. रस्त्यावर अनवाणी, फोनशिवाय, भाषा येत नाही.

हे टाळणं सोपं आहे. सगळ्यांनी एकाच दाराशी, एकाच खिडकीवर सामान ठेवावं. पूर्वेकडचा, अष्टशक्ती मंडपाकडून आत जाणारा मार्ग सोयीचा आहे. आत जाण्याआधी सर्वांना गोपुराकडे पाठ करून समोरची दोन-तीन दुकानं दाखवा, कारण परत येताना तीच ओळखायची आहेत. प्रत्येकाच्या खिशात एक कार्ड असू द्या: हॉटेलचं नाव आणि पत्ता तमिळमध्ये, टूर लीडर आणि चालक यांचे नंबर मोठ्या अक्षरांत. भेटण्याची जागा सोन्याच्या कमळाचं तळं, ठरलेल्या वेळी, आणि त्यानंतर पंधरा मिनिटांनी पूर्वेचं दार. गटाच्या बाराबाराच्या दोन तुकड्या करा, प्रत्येकीत शेवटी चालणारा एक माणूस नेमा.

माहिती आत ओरडून सांगू नका. ते इतर भाविकांना त्रासदायक होतं आणि ऐकूही येत नाही. देवी, सुंदरेश्वर (शिव), मदुराईचे नायक राजे यांची गोष्ट बसमध्ये किंवा हॉटेलच्या दालनात आधीच सांगावी आणि आत फक्त बोट दाखवावं. तिरुमलै नायक महाल दुसऱ्या सकाळी ठेवा.

रात्री नऊच्या सुमारास सुंदरेश्वराची पालखी वाद्यांच्या गजरात मीनाक्षीच्या शेजघराकडे नेतात. ही रोजची सेवा आहे. पहिल्या संध्याकाळी जेवण साडेसातला उरकून पालखीसाठी पुन्हा देवळात या. थकलेल्यांना हॉटेलवर राहू द्या, पण ज्यांच्यात बळ आहे त्यांनी हे चुकवू नये. मागच्या साऱ्या दगडी इतिहासाला इथे रोजचा जिवंत धागा मिळतो.

घाट चढताना

मदुराई ते कोडाईकनाल साधारण ११५ किलोमीटर, चार तास. या दिवशी नाश्ता हलका, इडली पुरे. तळलेलं आणि दूध नको. गाडी लागणाऱ्यांची यादी निघण्यापूर्वीच करा, त्यांना पुढच्या जागा द्या आणि डॉक्टरांनी सुचवलेली गोळी घाट सुरू होण्याच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगा. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. घाटात दर तासाला दहा मिनिटं थांबा.

कोडाईकनाल आणि निलगिरीत पाण्याच्या लहान प्लॅस्टिक बाटल्यांना बंदी आहे, तपासणीत त्या काढून घेतात आणि दंडही होतो. स्टीलच्या बाटल्या घरूनच आणा, बसमध्ये वीस लिटरचा एक जार ठेवा.

कोडाईत तळं, कोकर्स वॉक आणि पिलर रॉक्स सगळेच पाहतात. धुकं दुपारनंतर चढतं, म्हणून दऱ्या सकाळी आणि तळं संध्याकाळी. कुरिंजी आंडवरचं मुरुगन देऊळ मात्र गटाने आवर्जून पाहावं. नाव दर बारा वर्षांनी डोंगर निळे करणाऱ्या नीलकुरिंजी फुलावरून आलं आहे. मागचा बहर २०१८ मध्ये आला होता. आणि हाच मुरुगन उद्या पळणीला भेटणार आहे.

कोडाईहून उटीला एका दिवसात जाण्याचा मोह सगळ्यांना होतो. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर, नकाशावर सोपं दिसतं. पण एक घाट उतरून दुसरा चढायचा असतो, अंधार पडतो आणि गट आजारी पडतो. सकाळी सातला निघून पळणीला उतरा. डोंगरावर सातशेच्या आसपास पायऱ्या आहेत, पण विंच (रुळांवरून दोराने ओढला जाणारा डबा) आणि रोपवेही आहेत. रोपवे जोराच्या वाऱ्यात किंवा देखभालीसाठी बंद असतो, विंचला रांग असते, म्हणून अडीच तास हाताशी ठेवा. इथेही मोबाइलला बंदी आहे. पंचामृत खाली ठरावीक दुकानातून घ्या. पळणीच्या पंचामृताला भौगोलिक मानांकन आहे आणि डबाबंद असल्याने प्रवासात टिकतं. रात्री मेट्टुपाळयमला मुक्काम.

सकाळी सात-सव्वासातला गाडी सुटते, साडेसहाला स्थानकावर हवं. सामान बसने जाऊ दे, मदतनीसही बसनेच. बस दुपारच्या आत पोहोचते आणि गाडी दुपारी बाराच्या सुमारास. तोवर त्याने उटीत खोल्या ताब्यात घेतलेल्या असाव्यात. ४६ किलोमीटरचा हा मार्ग १९०८ मध्ये उटीपर्यंत पोहोचला, २००५ मध्ये जागतिक वारशात आला. कल्लार ते कुन्नूर या चढणीला मधल्या दातेरी रुळात इंजिनाचं चाक अडकतं आणि इंजिन डब्यांना मागून ढकलतं. हे दिसावं म्हणून कल्लारला खाली उतरायला मिळालं तर रुळांकडे पाहा. सोबत कोरडा खाऊ आणि पाणी असू द्या.

उटीत दोन रात्री पुरतात. वनस्पती उद्यानाच्या वरच्या अंगाला निलगिरीतल्या तोडा आदिवासी लोकांची वस्ती आणि त्यांचं अर्धवर्तुळाकार छपराचं देऊळ आहे. तिथे न विचारता शिरू नका, कोणाचा फोटो काढू नका. ती लोकांची घरं आणि पूजेची जागा आहे. पांढऱ्या कापडावर लाल-काळ्या धाग्यांचं तोडा भरतकाम घ्यायचं असेल तर कारागिरांच्या संस्थेच्या दुकानातून घ्या आणि भाव पाडू नका, एका शालीला आठवडे लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दोड्डबेट्टा, मग कुन्नूरचं सिम्स पार्क आणि एखादा चहाचा कारखाना.

परतीला कोईमतूरची गाडी किंवा विमान संध्याकाळचंच धरा. हंगामात वाहतूक चढायला कुन्नूरमार्गे आणि उतरायला कोटगिरीमार्गे वळवतात, त्यामुळे तीन तासांचा रस्ता पाच तासांचा होऊ शकतो. सकाळी आठला निघा, दुपारचं जेवण कोईमतूरलाच घ्या.